तरंगलेलं आणि बुडालेलं

बऱ्याच दिवसांनी ही अनुदिनी उघडली आहे. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा लागला, मग आळस... असो.

परवा नात घरी आली होती. ती बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करते आहे. चहा घेता घेता तिने मोबाईलवर एक फोटो दाखवला. "आजी, हे बघ. आज पहिल्यांदा माझा थर नीट जमला." फोटोत एक उभी नळी होती. तळाला गडद लाल, त्यावर पाण्यासारखं स्वच्छ, त्याच्या डोक्यावर धुरकट पांढरं पातळसं कडं आणि सगळ्यांत वर पिवळसर पाणी.

मी म्हटलं, "ही नळी मी पाहिली आहे. १९९६ साली."

तिला खरंच वाटेना. "तू? आजी, तू तर बी.ए., तेही मराठी माध्यमातून!" बरोबर आहे. आयुष्यभर मी मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या तर त्यांच्या तासाला मी मुलांना शुद्धलेखन घालत असे. पण ती नळी मी पाहिली होती, आणि तिच्यातलं ते पांढरं कडं माझ्याच रक्तातलं होतं.

आमच्या घरच्यांना हा प्रसंग ठाऊक आहे, पण अर्धाच. आज उरलेला अर्धा सांगते. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. शिक्षिकेची खोड, दुसरं काय!

माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, अंगात रक्त टिकेना म्हणून वरचेवर रक्ताच्या बाटल्या. बहिणीभावंडांपैकी कुणाची किडनी चालते का ते पाहायचं ठरलं. मी थोरली, म्हणून पहिली मी. रक्तगट जुळला, बाकी तपासण्या झाल्या, शेवटची एक राहिली. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी बाकावर बसून होते. चेहरा उतरलेला असणार, कारण तिथली तरुण मुलगी नळी हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "मावशी, हे बघा. हे पांढरं कडं दिसतंय ना, त्यात तुमच्या पांढऱ्या पेशी आहेत. यांच्यावर आता भावाच्या रक्तातलं पाणी घालायचं. पेशी जगल्या तर पुढे जायचं."

मी विचारलं, "आणि हे मधलं स्वच्छ पाणी कसलं?"

"फायकॉल," ती म्हणाली आणि आत गेली.

हा शब्द मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. परवा नातीसमोर ती वही काढली. त्यानंतर आठ दिवस आम्ही दोघी फोनवर याच पाण्याबद्दल बोलत होतो. जे कळलं ते असं.

मुळात ही युक्ती आपल्याला नवी नाही. कोकणात आमच्याकडे रोहिणी लागायच्या सुमारास आजोबा भाताचं बियाणं निवडायचे. मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी करायचं आणि त्यात बियाणं ओतून ढवळायचं. पोचट दाणे वर तरंगत, भरलेले तळाला बसत. वरचे काढून कोंबड्यांना, खालचे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून पेरायला. आजही शेतकी खातं हेच सांगतं : १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ. साध्या पाण्यात अर्धवट भरलेला दाणाही बुडतो. पाणी जरा जड केलं की तोच दाणा तरंगतो. म्हणजे निवड दाण्याने करायची नसते, पाण्याने करायची असते.

शास्त्रज्ञांना पेशीच्या आतलं निवडायचं होतं. तिथे दाणे डोळ्यांना न दिसणारे, आणि नुसतं ठेवून दिलं तर तळाला बसायला जन्म जायचा. म्हणून नळी गरगर फिरवायची. स्वीडनमध्ये उप्सालाला थिओडोर स्वेडबर्ग यांनी १९२० च्या दशकात अतिवेगवान सेंट्रिफ्यूज बनवला. त्यांना १९२६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यंत्र आलं. पाणी मात्र अजून साधंच होतं.

१९२९ साली अल्बेर क्लोद नावाचे बेल्जियन गृहस्थ न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आले. यांची कथा मला फार आवडली. लहानपणी आई स्तनाच्या कर्करोगाने गेली. पोलाद कारखान्यात काम केलं, माध्यमिक शाळा पुरी झालीच नाही. पहिल्या महायुद्धातल्या कामगिरीमुळे माजी सैनिकांसाठीच्या सवलतीत विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि डॉक्टर झाले. त्यांना कर्करोगाचंच मूळ शोधायचं होतं. पेटन राऊस यांनी १९११ साली दाखवलं होतं की कोंबड्यांचा एक प्रकारचा कर्करोग पेशी गाळून काढलेल्या रसानेही पसरतो. त्या रसातला विषाणू पकडायचा म्हणून क्लोद गाठी कुटून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा साका तपासू लागले. बारीक कण मिळाले! मग पडताळा म्हणून निरोगी पेशी तशाच फिरवल्या, तर तिथेही तसेच कण. दुसरा कुणी हिरमुसला असता. क्लोदांच्या लक्षात आलं, हे विषाणू नव्हेत, हे पेशीचे स्वतःचे अवयव आहेत. विषाणू शोधायला निघालेला माणूस पेशीच्या घरात शिरला.

पण अडचण होती. साध्या पाण्यात हे अवयव फुगत आणि फुटत. मनुका पाण्यात टाकल्यावर टम्म फुगतात, तसंच. उलट कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटून त्या आकसतात. पेशीच्या बाबतीत हा सगळा आतबाहेरच्या पाण्याच्या ओढीचा खेळ आहे. १९४८ साली त्याच रॉकफेलर संस्थेत होगबूम, श्नायडर आणि पालाडे या तिघांनी उंदराच्या यकृताच्या पेशी साध्या पाण्याऐवजी साखरेच्या पाण्यात कुटल्या. साधीसुधी साखर, आपल्या डब्यातली, लिटरला साधारण ३०० ग्रॅम. म्हणजे जवळजवळ गुलाबजामचा पातळ पाकच! त्या पाकात तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, शाळेच्या पुस्तकात चित्र असतं त्या) आपल्या लांबुळक्या आकारात, धडधाकट हाती आल्या.

पुढची पायरी मायरन ब्रॅके यांची. ब्रुकलिन बोटॅनिक गार्डनमध्ये ते बटाट्याच्या झाडाला पिवळं आणि खुजं करणाऱ्या एका विषाणूच्या मागे होते. एकाच दाटपणाच्या पाण्यात नळी फिरवली की सगळं एकात एक मिसळे. ब्रॅके यांनी नळीच्या तळाला दाट पाक, त्यावर जरा पातळ, त्यावर अजून पातळ असं थरावर थर ओतलं. नळी काही वेळ तशीच राहू दिली की थरांच्या कडा एकमेकींत विरघळतात आणि वरून खाली हळूहळू दाट होत जाणारं पाणी तयार होतं. जिन्याची घसरगुंडी होते म्हणा ना. त्यावर झाडाचा रस अलगद ओतून फिरवायचं. प्रत्येक कण आपापल्या चालीने खाली उतरतो आणि वेगवेगळ्या उंचीवर पट्टे दिसतात. १९५१ साली त्यांनी हे छापलं. दाटपणाची ही चढती भाजणी हीच या सगळ्या गोष्टीची नायिका. शास्त्रज्ञ तिला डेन्सिटी ग्रेडियंट म्हणतात.

आता साखरेची हद्द पाहा. कितीही घातली तरी ती एका मर्यादेपलीकडे जड होत नाही, आणि त्याआधीच इतकी चिकट होते की कण हलत नाहीत. डीएनए तर त्याहून जड. कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल या दोघांनी सीझियम क्लोराइड नावाचं अतिजड मीठ घेतलं. त्याची भाजणी ओतावीही लागत नाही. सेंट्रिफ्यूज इतका वेगात फिरतो की मीठ स्वतःच तळाकडे दाट होत जातं. त्यात डीएनए तरंगतो तो नेमका आपल्या घनतेच्या रेषेवर. जिवाणूंना आधी जड नायट्रोजनवर वाढवून नंतर साध्या नायट्रोजनवर सोडलं, तर पुढच्या पिढीच्या डीएनएचा पट्टा जड आणि हलक्याच्या बरोबर मधोमध आला. म्हणजे नव्या डीएनएची एक बाजू जुनी, एक नवी. १९५८ सालचा हा प्रयोग. आनुवंशिकतेतला एवढा मोठा प्रश्न एका नळीतल्या पट्ट्याने सुटला.

बेल्जियममध्ये लुव्हेंला क्रिस्तियां द द्यूव यांची अडचण वेगळीच होती. १९५५ साली त्यांनी पेशीतल्या लयकारिका जाहीर केल्या (पेशीतला केरकचरा पचवणाऱ्या पिशव्या). पण त्यांची आणि तंतुकणिकांची घनता इतकी जवळची की साखरेच्या पाण्यात दोन्ही एकमेकींत घुटमळत. पाणी बदलून भागेना, तेव्हा त्यांच्या मंडळींनी दाणाच बदलला. उंदरांना ट्रायटन नावाच्या, साबणासारख्या एका द्रव्याचं इंजेक्शन दिलं. लयकारिकांनी ते गिळलं, त्या हलक्या झाल्या आणि वर तरंगून वेगळ्या झाल्या. १९७४ चं वैद्यकाचं नोबेल क्लोद, पालाडे आणि द द्यूव या तिघांना मिळून मिळालं. पोलाद कारखान्यातून आलेल्या मुलाला! इतिहासाच्या तासाला हे मी कधी सांगितलं नाही, याची आता चुटपुट लागते.

हे सगळं झालं पेशीच्या आतलं आणि विषाणूंचं. जिवंत, अख्खी पेशी वेगळी करायची तर काय? दाट साखर तिला शोषून सुकवते. सीझियमच्या खारटपणाची तर बातच नको. जड तर हवं, पण पेशीला इजा न करणारं. इथे नातीने एक मार्मिक गोष्ट सांगितली. पाण्याची ओढ ही विरघळलेल्या कणांच्या वजनावर ठरत नाही, त्यांच्या संख्येवर ठरते. जनगणनेसारखं. पहिलवान असो की तान्हं बाळ, डोकं एकच. मग साखरेचे पुष्कळ रेणू एकमेकांना बांधून एक भलामोठा रेणू केला तर? वजन तेवढंच, डोकी थोडी. उप्सालाच्या फार्मासिया कंपनीने हेच केलं. सुमारे ४ लाख रेणुभाराचं, साखरेपासून बनवलेलं ते द्रव्य म्हणजे माझ्या वहीतलं फायकॉल.

पण नुसतं फायकॉल पुरेसं जड होईपर्यंत पुन्हा चिकट होतं. त्याला जोडीदार मिळाला तो एक्स-रेच्या खोलीतून. किडनीचा किंवा रक्तवाहिन्यांचा एक्स-रे काढताना शिरेतून एक औषध देतात, त्यामुळे ते भाग फोटोत पांढरे दिसतात. त्या औषधात आयोडीन असतं. आयोडीनचा अणू जड, म्हणून तो एक्स-किरण अडवतो, आणि जड म्हणूनच तो पाण्यालाही जड करतो. नॉर्वेमध्ये असं एक औषध होतं, आयसोपेक. तिथल्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या आर्ने बोयुम यांनी १९६८ साली फायकॉल आणि आयसोपेक एकत्र करून १.०७७ घनतेचं पाणी बनवलं. त्यावर पातळ केलेलं रक्त अलगद ओतायचं आणि अर्धा-पाऊण तास बेताच्या वेगाने फिरवायचं. फायकॉलमुळे तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून तळाला जातात. काही जड पांढऱ्या पेशीही त्यांच्यामागे जातात. ज्यांची घनता १.०७७ पेक्षा कमी, त्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी आणि त्यांच्या सोबतिणी त्या पाण्याच्या डोक्यावर थबकतात. तेच ते धुरकट कडं. ते नळकांडीने अलगद उचलायचं आणि दोन-तीनदा धुवायचं. आजोबांच्या बियाण्यासारखंच! फरक एवढाच की आजोबा तरंगलेलं टाकून बुडालेलं ठेवायचे, इथे बुडालेलं टाकून तरंगलेलं ठेवतात.

गंमत म्हणजे एक्स-रेची खोली आणि ही नळी यांचं नातं पुढेही टिकलं. आयोडिक्सानॉल हे असंच एक नव्या पिढीचं एक्स-रेचं औषध, पेशींना बरंच सोसवणारं. १९९४ पासून ते या नळीत आलं, आणि १९९९ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी जनुक-उपचारासाठी लागणारे निरुपद्रवी विषाणू सीझियमऐवजी त्यात शुद्ध करून दाखवले. विषाणू जास्त कार्यक्षम राहिले आणि वेळही वाचला. मधल्या काळात, १९७७ च्या सुमारास, उप्सालाच्याच मंडळींनी परकॉल आणलं. ती तर चक्क वाळू, म्हणजे अतिसूक्ष्म सिलिका. उघडी सिलिका पेशींना बाधते म्हणून तिच्यावर एका द्रव्याचा लेप दिलेला. मूल होण्यासाठीच्या उपचारांत पुरुषबीजं निवडायला परकॉल खूप वापरलं गेलं, पण १९९६ साली कंपनीनेच सांगितलं की हे फक्त संशोधनासाठी, माणसांवरच्या उपचारासाठी नको. मग वेगळ्या लेपाची सिलिका आली.

साखर, मीठ, एक्स-रेचं औषध, वाळू. प्रत्येक वेळी आधीचं पाणी कुणाला तरी इजा करत होतं, म्हणून पुढचं शोधावं लागलं. यंत्राचं नाव झालं, पेशींचं नाव झालं. पण यंत्र नुसतं जोर लावतं. कोण कुठे थांबणार आणि कोण धडधाकट राहणार, हे ठरवलं ते पाण्यानेच.

आता उरलेला अर्धा.

किडनीच्या त्या शेवटच्या तपासणीमागे लॉस एंजेलिसचे पॉल तेरासाकी आहेत. जपानी वंशाचे अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात पोरवयात कुटुंबासह छावणीत डांबले गेलेले. देणाऱ्याच्या लिम्फोसाइट घ्यायच्या, त्यांवर घेणाऱ्याच्या रक्तातलं पाणी घालायचं आणि पेशी मरतात का ते रंग घालून पाहायचं. मेलेल्या पेशीत रंग शिरतो. १९६९ साली पटेल आणि तेरासाकी यांनी आकडे छापले. ज्यांच्या बाबतीत पेशी मेल्या होत्या तरीही किडनी बसवली, अशा ३० जणांपैकी २४ जणांची किडनी लगेचच निकामी झाली. पेशी जगल्या होत्या अशा १९५ जणांपैकी फक्त ८ जणांची.

माझ्या पेशी मेल्या.

भावाला इतक्या वेळा रक्त चढवलं होतं की त्याच्या शरीरात परक्या पेशींविरुद्ध शस्त्रं तयार झाली होती, आणि त्यातली काही नेमकी माझ्यासारख्या पेशींवर चालणारी होती. हे आज कळतं. तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "तुमची नाही चालणार." मी घरी आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही. मग धाकट्या बहिणीची तपासणी झाली, तिच्या पेशी जगल्या. तिने किडनी दिली. त्या धावपळीत नातलगांपैकी कुणीतरी म्हणालं, "थोरलीने मनापासून द्यायची ठरवली असती तर जुळली असती." कोण ते सांगत नाही, त्या व्यक्ती आता हयात नाहीत आणि माझा रागही उरलेला नाही. पण ते वाक्य मी जवळजवळ तीस वर्षं वागवलं. कधीकधी मलाच वाटे, खरंच मनात कुठे भीती होती का? होती की. पोट फाडून घ्यायची भीती कुणाला नसते? मग त्या भीतीनेच पेशी मेल्या का, असलेही विचार रात्री येत.

परवा नातीने ते ३० आणि २४ चे आकडे वाचून दाखवले आणि मी जरा वेळ गप्प बसले. म्हणजे त्या दिवशी माझ्या पेशी जगल्यासारख्या दिसल्या असत्या, किंवा ते कडं नीट न निघाल्याने तपासणी चुकली असती, तर माझी किडनी बहुतेक वाया गेली असती. आणि कदाचित भाऊही गेला असता. पेशी काढताना अर्ध्या मेल्या असत्या तर भावाच्या रक्ताने मारल्या की पाण्याने, हे कुणाला सांगता आलं असतं? १.०७७ च्या त्या निमूट पाण्याने माझ्या पेशी जिवंत ठेवल्या, म्हणूनच त्या मेल्या या गोष्टीला अर्थ होता. मला मिळालेला नकार खरा होता आणि त्या नकारानेच भावाला वाचवलं.

भाऊ त्यानंतर १७ वर्षं जगला. मुलीचं लग्न केलं, नातू खेळवला. दर भाऊबीजेला धाकटीला ओवाळणी घालताना म्हणायचा, "हिचं माझ्या पोटात आहे." आणि मग माझ्याकडे वळून, "ताई, तुझंही आलं असतं, पण तुझ्याशी लहानपणापासून भांडतोय ना!" सगळे हसायचे. मीही हसायचे.

नात जाताना म्हणाली, "आजी, तुझ्या वहीत फायकॉलचं स्पेलिंग चुकलंय." शुद्धलेखनाच्या बाईंचं! मी पेन काढून दुरुस्त केलं आणि वही परत कपाटात ठेवली.

तर मंडळी, कुणाच्या घरी अशी तपासणी नकारार्थी आली, तर देणाऱ्याला बोल लावू नका. आणि देणाऱ्यानेही स्वतःला लावून घेऊ नये. एवढंच सांगायला एवढं लिहिलं.

लोभ आहेच, तो वाढावा.